एडगर हॅस्कमची छोटी कामं

हेमचंद्रला एका जागी बसता येत नाही, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. मला बघायला आला तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून तो आमच्या बाहेरच्या खोलीत फिरत होता. माझे वडील "बसा ना, बसा ना" म्हणत होते आणि तो "हो हो" म्हणून पुन्हा खिडकीपाशी जात होता. तेव्हा तो दिवसा एका शिपिंग कंपनीत कारकून होता आणि संध्याकाळी नाटकात काम करायचा. राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं पदक मिळालं होतं त्याला. चौऱ्याऐंशी साली दुबईची नोकरी आली, माझे दिवस भरत आले होते, आणि त्याने नाटक सोडलं. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. फक्त त्याचं फिरणं वाढलं.

दुबईत अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलमधून पॅसेज, पॅसेजमधून किचन, किचनमधून परत हॉल, असा त्याचा रस्ता ठरलेला. एसी चालू, टीव्ही चालू आणि हा चालतोय. अवनी अभ्यासातून डोकं वर काढून म्हणायची, "बाबा, प्लीज! यू आर मेकिंग मी डिझी."

मी तिथल्या एका भारतीय शाळेत सायन्स शिकवायचे. आमच्या शाळेत आठवड्यातून एकदा मिसेस डोरोथी लॅन्सिंग नावाची एक इंग्रज बाई मुलांना वक्तृत्व शिकवायला यायची. सत्तरी ओलांडलेली, ताठ, लिपस्टिक लावल्याशिवाय कधी न दिसलेली. नवरा बंदराच्या बांधकामावर इंजिनिअर होता. तो गेल्यावर ती जुमेराला मुलाकडे राहत होती. स्टाफरूममध्ये बाकीच्या तिला टाळायच्या, कारण ती सगळ्यांचे उच्चार सुधारायची. माझं आणि तिचं मात्र जमलं. अठ्ठ्याण्णवच्या गणपतीत आमच्या मंडळींनी एक एकांकिका बसवली होती. हेमला खूप आग्रह करून एक काम घ्यायला लावलं होतं. मी तिला सहज म्हटलं, "या बघायला. भाषा कळणार नाही, पण मोदक मिळतील."

ती आली. पहिल्या रांगेत बसली. नंतरच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या नवऱ्याला माझ्याकडे पाठवा. मला माझे वडील सापडलेत."

तिचे वडील म्हणजे एडगर हॅस्कम. मी हे नाव कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलेलं नसल्याचं तिला वाईट वाटलं. मग तिने मला बसवून सगळं सांगितलं. ब्रिस्टलच्या एका कापडदुकानदाराचा मुलगा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गजाने कापड मोजता मोजता एके दिवशी दुकान सोडून एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर गेला. आधी भाले धरून मागे उभा राहिला, पडदे ओढले, सामान वाहिलं. मग लंडनच्या रंगभूमीवर नायक झाला. एका नाटकात तो वकील व्हायचा आणि शेवटच्या अंकातलं त्याचं भाषण ऐकायला लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढायचे. ते नाटक भरात असताना तो ते सोडून अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. तिथे नाव होतंय म्हणेपर्यंत परत आला. मग महायुद्ध, मग मूकपट. गुप्तहेराचा लांब ओव्हरकोट घातलेली त्याची पोस्टरं भिंतीभिंतीवर लागायची.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग बोलपट आले," ती म्हणाली, आणि तिथे थांबली.

इंग्रजांचा एक हौशी नाट्यक्लब होता. त्यांच्यासाठी तिने वडिलांच्या कारकिर्दीवर एक नाटक लिहिलं होतं. वडिलांचं काम करणारा बँकेतला गोरा माणूस बहारीनला बदली होऊन गेला होता. क्लबातल्या लोकांना हेमचं नाव रुचलं नाही. एकाने अगदी सभ्यपणे विचारलं म्हणे, की इंग्रज नटाची भूमिका भारतीय उच्चारात कशी चालेल? मिसेस लॅन्सिंगने त्याला सांगितलं, "माझ्या वडिलांनीही उच्चार शिकूनच घेतले होते. आणि तुमच्यात एका जागी उभा न राहू शकणारा दुसरा कोणी आहे का?"

हेम आधी नाहीच म्हणाला. "अगं, वेड लागलंय का त्या बाईला? मी आणि लंडनचा नट?" पण त्या दिवशी जेवताना दोनदा ताटावरून उठला. शेवटी हात धुऊन म्हणाला, "स्क्रिप्ट आहे का गं तुझ्याकडे?"

माझ्या पर्समध्येच होतं.

पुढचे काही महिने आमच्या घरात एडगर हॅस्कम राहायला आला. अवनी बाबाची मास्तरीण झाली. ती सोफ्यावर उशी मांडीवर घेऊन बसायची आणि हा समोर उभा.

"व्हेअर," हेम म्हणायचा.

"नो बाबा. नॉट व्हेअर. वेअर. लिप्स गोल करा."

"वेअर."

"ओके. नाऊ से वाइन, देन व्हाइन."

"खलास!" हेम ओरडायचा. "यल्ला, चल, पुढचं वाक्य घे."

हसत होता. मी किचनमधून ऐकायचे आणि कणीक मळता मळता माझे हात थांबायचे. इतक्या वर्षांत मी त्याला असं हसताना फारसं ऐकलं नव्हतं.

तालमी मिसेस लॅन्सिंगच्या दिवाणखान्यात व्हायच्या. एकदा तिने आम्हा दोघांना वडिलांचं काम दाखवायला बोलावलं. त्यांच्या सिनेमांतलं जवळजवळ सगळं नष्ट झालं होतं. कुणा संग्राहकाकडून तिच्या मुलाने दोन तुकडे टेपवर उतरवून आणले होते. तिने व्हीसीआर लावला. पहिला तुकडा गुप्तहेराचा. हॅस्कम ओव्हरकोटाची कॉलर वर करून जिन्यावरून उतरतो, भुवया उंचावतो, बोट रोखतो. देखणा होता. मला आवडलं. हेमचा पाय हलत होता. तेवढ्यात आत फोन वाजला, मिसेस लॅन्सिंग उठून गेली आणि टेप पुढे चालू राहिली.

दुसऱ्या तुकड्यात हॉटेलची खोली होती. एक श्रीमंत बाई आत येते आणि तिच्यामागून सामान घेऊन हॉटेलचा हमाल. तो हमाल म्हणजे हॅस्कम. केस पांढरे, पोट सुटलेलं, गणवेश जरा घट्ट. तो बॅगा ठेवतो आणि बक्षिशीसाठी थांबतो. हात थोडा पुढे येतो. मग त्याच्या लक्षात येतं, की पाठमोरी बाई रडते आहे. पुढे आलेल्या हाताचं काय करावं हे त्याला कळत नाही. तो तसाच हात खिडकीकडे नेतो, पडद्याची वाकडी झालेली कड सरळ करतो आणि निघून जातो. एक शब्दही नाही. संपलं.

हेम उठून टीव्हीजवळ गेला, टेप मागे घेतली आणि पुन्हा पाहिली. "अपर्णा," तो हळूच म्हणाला, "पाहिलंस? जिन्यावर तो माणूस नाटक करत होता. इथे तो नट आहे."

मिसेस लॅन्सिंग दारात उभी होती. तिने येऊन टीव्ही बंद केला. "हा भाग नाटकात नाही," ती म्हणाली.

तिच्या नाटकाचा शेवट गुप्तहेरावर होता. प्रकाशझोतात ओव्हरकोट घालून उभा असलेला हॅस्कम, आणि बाहेरून गर्दीचा जयजयकार. त्यानंतरची बारा-पंधरा वर्षं तिने लिहिलीच नव्हती. त्या वर्षांत तो बटलर झाला, डॉक्टर झाला, रेल्वेच्या फलाटावर घड्याळ बघणारा प्रवासी झाला. मिळेल ते काम करत राहिला आणि जवळजवळ मरेपर्यंत थांबला नाही.

हेमने तिला पुष्कळ सांगून पाहिलं. "तुमच्या नाटकाचा शेवट हा आहे, मिसेस लॅन्सिंग. पहिल्यांदाच तो कुठे पळत नाहीये."

"तू मला माझे वडील समजावून सांगू नकोस," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत: "मी शाळेत होते. शनिवारी मुली सिनेमा बघायच्या आणि सोमवारी मला विचारायच्या, डोरोथी, आमची बॅग वर नेऊन ठेवशील का? सबंध वर्ग हसायचा. मी घरी जाऊन त्यांना सांगितलं, ही कामं बंद करा. त्यांनी केली नाहीत. निदान माझ्या नाटकात तरी मी ती बंद करणार."

हेमने मान डोलावली. घरी मात्र तो आमची प्रवासाची बॅग माळ्यावरून काढून खोलीभर वाहायला लागला. बॅग ठेवायची, हात पुढे करायचा, थांबायचं. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाला, "असंच. हातांना सवय."

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये दोन प्रयोग झाले. गुरुवारी पहिला. हॉल भरलेला, पुढे गोरे, मागच्या रांगांमध्ये आमची मनखूलची मंडळी. हेमने काम सुरेख केलं. वकिलाच्या भाषणाला तर मध्येच टाळ्या पडल्या. शेवटी ओव्हरकोटात उभा राहिला तेव्हा लोक उठून उभे राहिले. मिसेस लॅन्सिंगने स्टेजवर जाऊन त्याच्या दोन्ही गालांना गाल लावले. अवनी माझ्या कानात म्हणाली, "ही वॉज सो गुड, आई. आय फर्गॉट ही वॉज बाबा."

गाडीत मात्र हेम सिग्नलला बोटं स्टिअरिंगवर वाजवत होता.

"काय झालं? एवढ्या टाळ्या पडल्या," मी म्हटलं.

"ओव्हरकोटाला पडल्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्याच्या मनात काय आहे हे त्याने मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी अडवलं असतं. मी मिसेस लॅन्सिंगच्या शेजारी पहिल्या रांगेत बसले होते. नाटक तसंच झालं, जयजयकार झाला, टाळ्या सुरू झाल्या आणि हेमने दिव्यांच्या माणसाकडे बघून थांब म्हणून हात वर केला. दिवे गेले नाहीत. त्याने अंगातला ओव्हरकोट काढला, घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि विंगेत गेला. परत आला तेव्हा हातात बॅगा होत्या. आमच्याच. चाल बदललेली, खांदे उतरलेले, आणि चेहरा मी कधी न पाहिलेला.

मिसेस लॅन्सिंगने पर्सचा पट्टा मुठीत धरला. हेमने बॅगा खाली ठेवायच्या आधीच ती उठली आणि मधल्या वाटेने, ताठ, मागे न बघता निघून गेली. लोकांना वाटलं, बाई भावनावश झाल्या. मी उठले नाही. मला ते शेवटपर्यंत बघायचं होतं. हात पुढे आला, थांबला, आणि हवेतला पडदा सरळ करून खाली गेला. मग हॉलमध्ये अशी शांतता पसरली, की टाळ्या वाजवाव्यात हे लोकांना उशिरा सुचलं.

पुढच्या आठवड्यात ती शाळेत आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला तर एवढंच म्हणाली, "तुमच्या नवऱ्याने माझे वडील माझ्याकडून हिसकावून घेतले आणि परक्या लोकांसमोर उभे केले." आणि फोन ठेवला. हेम माफी मागायला जुमेराला गेला. तिच्याकडे काम करणारी शहनाझ दार अर्धवट उघडून म्हणाली, "मॅडम घर पे नहीं है, साब." आतून रेडिओ ऐकू येत होता. तो दोन-तीनदा गेला आणि दरवेळी मॅडम घरी नव्हती.

"चूक केलीस तू," मी त्याला सांगितलं. "नाटक तिचं होतं."

"हो," तो म्हणाला. "पण काम माझं होतं." आणि पॅसेजमधून किचनमध्ये गेला.

त्याच वर्षी त्याला बढती मिळाली आणि खोर फक्कानच्या ऑफिसात पाठवलं. बंदरावर मॅनेजर. आठवडाभर तिथे राहायचं आणि गुरुवारी दुपारी डोंगर ओलांडून दुबईला यायचं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. कंपनीने समुद्रासमोर फ्लॅट दिला होता. हिवाळ्याच्या सुट्टीत मी आणि अवनी तिकडे गेलो. एका बाजूला उघडे काळपट डोंगर, दुसरीकडे पाणी, आणि बंदरात रंगीबेरंगी कंटेनर एकावर एक रचलेले. सुंदर गाव. मला वाटलं, इथे तरी हा शांत होईल.

संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर चालायला गेलो. अवनी पुढे गेली होती. हेम इतका भरभर चालत होता, की मला धाप लागली.

"मी परत जातो," तो म्हणाला.

"फ्लॅटवर? आत्ताच तर आलो."

"मुंबईला."

मी थांबले. तो चार पावलं पुढे जाऊन वळला.

"तिथे आता मराठी चॅनेल सुरू होतायत, अपर्णा. रोजच्या मालिका. माणसं लागतात त्यांना. सुहासशी बोललो फोनवर." सुहास त्याचा स्पर्धेच्या दिवसांतला मित्र.

"पंचेचाळिशी आली तुझी. कोणती भूमिका तुझ्यासाठी राखून ठेवलीये त्यांनी?"

"कोणतीच नाही. डॉक्टर, इन्स्पेक्टर, नवरीचा मामा. जे मिळेल ते."

"आणि आम्ही? अवनीची दहावी? व्हिसा तुझ्या नावावर आहे आमचा, विसरलास?"

"तुझ्या शाळेशी बोलू आपण. टीचरला मिळतो स्वतःचा." म्हणजे चौकशी करून झाली होती. याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. मी म्हटलं, "त्या म्हातारीचे वडील तुझ्या डोक्यात गेलेत. त्याने दुकान सोडलं, नाटक सोडलं, अमेरिका सोडली. आणि त्याची पोरगी अजून त्याला माफ करू शकलेली नाही. तेवढं दिसलं नाही तुला त्या टेपमध्ये?"

अवनी परत आली, आमच्या तोंडांकडे बघितलं आणि विचारलं, "इज ही लीव्हिंग अस?"

"नाही गं," हेम म्हणाला. "कामाला जातोय."

"यू हॅव अ जॉब, बाबा," ती म्हणाली.

भांडणं बरीच झाली. ती सगळी सांगत बसत नाही. दोन हजार सालच्या जूनमध्ये तो गेला. शाळेने माझा व्हिसा केला, पुष्कळ खेपा घालून अवनीचा माझ्या नावावर लागला, आणि आम्ही दोघी त्याच इमारतीतल्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये गेलो. हेमने गोरेगावला खोली घेतली. पहिले काही महिने त्याला काहीच मिळालं नाही. मग एका मालिकेत आयसीयूबाहेर येऊन "आम्ही आमच्या परीने प्रयत्न करतोय" म्हणणारा डॉक्टर मिळाला. इमारतीतल्या बायका लिफ्टमध्ये विचारायच्या, "काल दिसले हो मिस्टर! एवढंच काम होतं का?" अवनी त्यांच्याकडे न बघता मजल्यांचे आकडे बघत राहायची. घरी आल्यावर मात्र तो भाग ती रेकॉर्ड करून ठेवायची. मला न सांगता.

पुढच्या वर्षी एके दिवशी मिसेस लॅन्सिंगचा फोन आला. मुलाचं इथलं काम संपलं होतं, ती कायमची इंग्लंडला जात होती. चहाला बोलावलं. घरात सगळीकडे खोकी. ती बारीक झाली होती, पण लिपस्टिक तशीच. हेम मुंबईला गेल्याचं तिने ऐकलं होतं. काही वेळ हवापाण्याचं बोलणं झालं, मग कप खाली ठेवून म्हणाली, "त्या दिवशी मी शेवट बघितला नाही. बॅगा घेऊन आला एवढंच पाहिलं. पुढे काय केलं त्याने?"

"तुमच्या टेपवर आहे तेच," मी म्हटलं.

"ती टेप मी कधीच पूर्ण पाहिलेली नाही. सिनेमाही पाहिला नव्हता. मुली सांगायच्या तेवढंच."

मला सांगता येईना, म्हणून मी उठले. मी काही नट नाही. पण एक खोकं उचललं, चार पावलं चालून ठेवलं, हात पुढे केला, थांबले, आणि तिच्या खिडकीचा पडदा सरळ केला.

ती बराच वेळ त्या पडद्याकडे बघत होती. "आई रडायला लागली की ते असंच करायचे," ती म्हणाली. "काहीतरी नीट करायला उठायचे. घड्याळ, खुर्ची, पडदा. मला वाटायचं, किती कोरडा माणूस आहे." मग तिने शहनाझला हाक मारून आणखी चहा आणायला सांगितला आणि मला म्हणाली, "तुमच्या नवऱ्याला सांगा, मी अजून रागावलेली आहे. पण सांगा."

मी सांगितलं. फोनवर नाही, तो ईदच्या सुट्टीत आला तेव्हा. तो ऐकून घेत उभा होता. मग बाल्कनीत गेला, परत आला, पाणी प्यायला, विसरून पुन्हा प्यायला. आठ दिवसांसाठी आला होता. चौथ्या दिवशी मुंबईहून फोन आला, एका मालिकेत दोन दिवसांचं काम होतं. वकिलाच्या मुनशीचं.

"जा," मी म्हटलं.

"रागावलीस?"

"हो. रागावले आहे. जा."

विमानतळावर त्याला सोडताना अवनी गाडीतून उतरली आणि त्याची कॉलर नीट करून म्हणाली, "बाबा, क्लोजअपमध्ये डोन्ट ब्लिंक सो मच." तो तिच्याकडे बघतच राहिला. ती त्याच्या मालिका बघत होती, हे त्याला तेव्हा कळलं.

दोन हजार तीनला अवनीची बारावी झाली आणि तिने पुण्याला प्रवेश घेतला. मी आणखी एक वर्ष थांबले. शाळा चांगली होती, मुलं चांगली होती, शुक्रवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावरून क्रीकच्या पाण्यापर्यंत चालत जायची मला सवय झाली होती. हेमने कधी "ये" म्हटलं नाही, आणि मी कधी "बोलाव" म्हटलं नाही. शेवटी मार्चमध्ये मी स्वतःच नोटीस दिली. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुधा फ्लॅटमध्ये कोणी चालत नव्हतं म्हणून.

गोरेगावला टॅक्सीतून उतरले तेव्हा तो घरी नव्हता. शूटिंग लांबलं होतं. शेजारच्या साधनाताईंनी दार उघडून किल्ली दिली आणि म्हणाल्या, "सकाळपासून चारदा फोन करून विचारलंय, आली का, आली का. आत्ता पुन्हा फोन येईलच."

मी कुलूप उघडत होते, तोवर त्यांच्याकडचा फोन वाजायला लागला.